आईचा खुबा, काउंटीचं हॉस्पिटल आणि मराठी बोलणारा आयपॅड

गेल्या वर्षभरात निदान सात-आठ जणींनी मला फोन करून हेच विचारलंय की आईबाबा इकडे अमेरिकेत आलेत, पडले किंवा छातीत दुखलं तर कुठे न्यायचं, तुझ्या आईचं काय केलंस. दर वेळी तीच कॅसेट लावण्यापेक्षा एकदा लिहून टाकते. लांबेल, आधीच सांगते.

आम्ही कॅलिफोर्नियात, बे एरियात राहतो. काउंटी, म्हणजे इथला जिल्हा, कुठली ते मुद्दाम लिहीत नाही कारण पुढे थोडी कुरकुरही करणार आहे. आई कराडहून जुलै २०२४ च्या शेवटी आली, वय ७१, बाबा जाऊन सहा वर्षं झाली. ऑक्टोबरमध्ये परत जायची होती पण आम्हीच आग्रह केला की दिवाळी करूनच जा, मग तिकीट पुढे ढकललं. १६ ऑक्टोबरला, बुधवारी संध्याकाळी, ती गॅरेजमधल्या फ्रीजमधून काहीतरी काढायला गेली आणि गॅरेज आणि घर यांच्यामध्ये जी एक पायरी असते ना, फक्त एक, तिच्यावरून पडली. मी आत चकलीची भाजणी भिजवत होते. आवाज आला तोही भांडं पडल्यासारखा, म्हणून मी दोन मिनिटं गेलेच नाही, हे अजून टोचतं.

उजवा पाय आखूड दिसत होता आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेलं. मी डॉक्टर नाही, पण माझ्या आजीचा खुबा मोडला होता तेव्हा पाय असाच दिसत होता, त्यामुळे कळलंच. ९११ ला फोन केला. पॅरामेडिक आले, आईला विचारून विचारून स्ट्रेचरवर घेतलं आणि म्हणाले काउंटीचं हॉस्पिटल सगळ्यात जवळ आहे, ऑर्थोपण आहे, तिथे नेतो. आणि आता खरं सांगायची वेळ आली. माझी पहिली प्रतिक्रिया होती, नको, काउंटीत नको, दुसरीकडे न्या. कारण आपल्या लोकांत ते हॉस्पिटल म्हणजे होमलेस लोकांचं, गोळीबारवाल्यांचं, इन्शुरन्स नसलेल्यांचं. माझ्या दोन्ही डिलिव्हऱ्या झाल्या ते प्रायव्हेट हॉस्पिटल लॉबीत पियानो असलेलं. पॅरामेडिक शांतपणे म्हणाला, की मॅम, खुबा आहे, माझी आई असती तर मी तिथेच नेलं असतं. मी गप्प बसले.

नवरा मागून कारने येत होता आणि सिग्नलला थांबून मला मेसेज पाठवत होता, की केनेडींना गोळी लागल्यावर जिथे नेलं ते डॅलसचं पार्कलँड पण काउंटीचंच हॉस्पिटल होतं. आणि शिकागोच्या कुक काउंटी हॉस्पिटलमध्ये १९३७ साली अमेरिकेतली पहिली हॉस्पिटलची ब्लड बँक निघाली. हा माणूस टेन्शन आलं की माहिती वाचतो. मला तेव्हा त्या माहितीचं काय करायचं होतं कोणास ठाऊक, पण नंतर आठवलं की आपल्याकडे तरी काय, केईएम आणि ससूनची नाकं मुरडत मुरडत शेवटी अवघड केस तिकडेच जाते.

इमर्जन्सीत पोचल्यावर आईचा पहिला प्रश्न, केसपेपर काढला का? तिच्या डोक्यात सिव्हिल हॉस्पिटल. तिथे आधी खिडकी, मग डॉक्टर. इथे उलटं, आधी नर्सने बीपी, ऑक्सिजन, सुई सगळं केलं, मग चाकावर कॉम्प्युटर ढकलत एक मुलगी आली नाव-गाव लिहायला. १९८६ चा कायदा आहे, एमटाला म्हणतात, इमर्जन्सीत आलेल्या माणसाला पैसे आहेत की नाहीत हे न बघता तपासायचं आणि जिवाचा धोका टळेल इतके उपचार करायचेच. मेडिकेअरचे, म्हणजे इथल्या म्हाताऱ्यांच्या सरकारी विम्याचे, पैसे घेणाऱ्या सगळ्या हॉस्पिटलांना तो लागू आहे, म्हणजे पियानोवाल्यांनाही. पण बिल माफ असं त्या कायद्यात कुठेही नाही, हा घोळ बरेच जण करतात. उपचार नाकारता येत नाहीत, बिल पाठवता येतं.

एक्स-रे झाला, खुब्याचं हाड मोडलंय, आत रॉड टाकावा लागेल. मग बेड नाही. कॉरिडॉरमध्ये स्ट्रेचरवर नऊ तास. इथे मी कुरकुर करणार. एका बाजूला बेड्या घातलेला माणूस आणि त्याच्याबरोबर दोन पोलीस, दुसऱ्या बाजूला एक आजोबा दर दहा मिनिटांनी कोणाला तरी हाक मारत होते, डोक्यावर ट्यूबलाइट, आणि आईला लघवीला जायचं तर पडदा नाही. नर्सने दोन चादरी धरून आडोसा केला. ती नर्स फिलिपिनो होती, पन्नाशीची, आणि चादर धरून स्वतः तोंड फिरवून उभी राहिली. कॅलिफोर्नियात इमर्जन्सीत एका नर्सकडे चारच पेशंट असा नियम २००४ पासून आहे, त्यामुळे निदान हाक मारली की कोणीतरी येत होतं. पण कॉरिडॉर तो कॉरिडॉर.

आता आयपॅडची गोष्ट. ऑर्थोचा रेसिडेंट डॉक्टर आला, सही घ्यायची होती. मी म्हटलं मी सांगते आईला. तो म्हणाला, नाही, आम्हाला इंटरप्रिटर लागतो, घरच्यांना आम्ही वापरत नाही. मला राग आला. माझी आई, माझी भाषा, आणि हा मला सांगतो. आयव्हीच्या सळईसारख्या उंच दांड्यावर बसवलेला एक आयपॅड नर्सने ढकलत आणला. तिने आधी हिंदी लावलं, लगेच एक बाई स्क्रीनवर आली, आई म्हणाली, "हिंदी नको बाई, माझं हिंदी शोलेपुरतंच." मग मराठी. मराठीला व्हिडिओ नव्हता, नुसता आवाज, चार-पाच मिनिटं म्युझिक ऐकल्यावर काळ्या स्क्रीनमधून एक बाई स्वच्छ मराठीत बोलायला लागली, "नमस्कार, मी आज तुमची दुभाषी आहे, माझा नंबर अमुक अमुक, तुम्ही जे बोलाल ते सगळं मी डॉक्टरांना सांगेन." ते सगळं म्हणजे खरंच सगळं, हे आईला नीट कळलं नाही.

आई लगेच, "ताई तुम्ही कुठल्या?" तिकडून जरा शांतता आणि मग इंग्रजीत डॉक्टरला, की पेशंट विचारत आहेत इंटरप्रिटर कुठल्या गावच्या आहेत. डॉक्टर हसला. मग औषधांचे प्रश्न सुरू झाले, बीपीची गोळी रोज घेता का. आईने माझ्याकडे बघितलं, मग आयपॅडकडे तोंड करून आवाज बारीक करून म्हणाली, "तीन महिन्यांच्याच आणल्या होत्या हो, मुक्काम वाढला, इथे महाग मिळतात म्हणून सप्टेंबरपासून अर्धीच घेते. मधेमधे चक्कर येते. मुलीला सांगू नका."

आणि त्या बाईने ते सगळं इंग्रजीत सांगितलं. "डू नॉट टेल माय डॉटर" यासकट.

मी आईच्या उशाला उभी होते. डॉक्टरने माझ्याकडे एकदा बघितलं आणि परत त्याच्या कागदाकडे. आई म्हणाली, "अगं तिला सांगितलं होतं मी सांगू नको म्हणून." मला हसू येत होतं आणि रडूही. दीड महिना मी रोज सकाळी तिला चहाबरोबर गोळी घेताना बघत होते, अर्धी की अख्खी ते कधी बघितलंच नाही. मी दुभाषी झाले असते तर आईने ठोकून दिलं असतं, हो रोज घेते, आणि मी तेच इंग्रजीत सांगितलं असतं. त्यानंतर मी परत कधी आयपॅडला नाही म्हटलं नाही.

दुसरा दिवस गुरुवार. ऑपरेशनसाठी रात्रीपासून उपाशी ठेवलं. आई म्हणे, माझा दत्ताचा गुरुवार आहे, मला काय फरक पडतोय. सकाळी नऊला नेणार होते, मग बारा, मग तीन. संध्याकाळी सहाला सांगितलं की हायवेवर मोठा ॲक्सिडेंट झालाय, ऑपरेशन थिएटर त्यांना लागलं, आज नाही. म्हणजे पाण्याच्या घोटाशिवाय अख्खा दिवस, नुसतं सलाइनवर, आणि मग रात्री जेवण आलं तर व्हेजिटेरियन सांगूनही चिकनचं सूप. ते परत पाठवलं तर बदली ट्रेमध्ये लाल जेली. जेलीत जिलेटिन असतं हो, जनावरांच्या हाडा-कातड्याचं, मी तिथल्या बाईला सांगितलं, तिला बिचारीला माहीतच नव्हतं, तिने डब्याचं झाकण उलटून वाचलं आणि ओ माय गॉड म्हणाली. शेवटी आईने दूध आणि केळं खाल्लं. उपास सुटला नाही, चालूच राहिला म्हणायचा. मी त्या रात्री नर्सिंग स्टेशनवर जाऊन जरा आवाज चढवला, त्याची लाज वाटत नाही. चार्ज नर्सने ऐकून घेतलं, सॉरी म्हणाली, आणि म्हणाली की ट्रॉमा सेंटर आहोत, रात्री कोण येईल ते आमच्या हातात नाही, पण सकाळच्या पहिल्या केसला तुमच्या आईचं नाव टाकायला मी सर्जनच्या मागे लागते. शुक्रवारी सकाळी साडेसातला नेलंसुद्धा.

वॉर्डातल्या खोलीत भिंतीवर पांढरा बोर्ड होता, त्यावर आजची नर्स कोण, मदतनीस कोण, दुखणं शून्य ते दहात किती, असं लिहायचे. आईच्या पायात पिवळे मोजे घातले, तळव्याला रबराचे ठिपके असलेले, म्हणजे हा पेशंट पडू शकतो. पलंगावरून उठायला गेली की भोंगा. पहिल्या रात्री मदतनीस म्हणून एक उंचापुरा तरुण मुलगा आला, बेडपॅन द्यायला, आईने चादर अशी घट्ट धरली की बास. मला फोन केला रात्री दोन वाजता. मी नर्सशी बोलले, तिने एक शब्दही वेडावाकडा न बोलता बोर्डावर लिहिलं, फक्त स्त्री मदतनीस, आणि मग एल साल्वादोरची एक बाई यायला लागली. ती स्पॅनिश बोलायची, आई मराठी, आयपॅड कोपऱ्यात पडलेला. दोघींचं सगळं व्यवस्थित चालायचं. ती आईला मामी (त्यांच्याकडे लाडाने आईला म्हणतात तसं) म्हणायची आणि आई मला म्हणे, ही मला मामी का म्हणते, हिच्या आईच्या भावाची बायको आहे का मी?

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी, फिजिओथेरपीची मुलगी वॉकर घेऊन आली आणि म्हणाली चला उभं राहू. आईला वाटलं चेष्टा करतेय. माझ्या आजीला १९८४ साली सिव्हिलमध्ये पायाला वजन लटकवून दीड-दोन महिने झोपवून ठेवलं होतं, पाठीला जखमा झाल्या, त्यातच गेली ती. तेव्हा आई रोज डबा घेऊन जायची. त्यामुळे आयपॅडमधल्या बाईला तिने तीनदा विचारायला लावलं, की खरंच पाय टेकू? वजन टाकू? रॉड वाकणार नाही ना? फिजिओवालीने आईच्या कमरेला रुंद पट्टा बांधला, मागून धरला, आणि एक, दोन, तीन. आई उभी राहिली. चार पावलं गेली, दारापर्यंतही नाही. घामाघूम झाली आणि पलंगावर बसल्यावर पहिलं वाक्य, "सासूबाईंना असं केलं असतं तर." मग बराच वेळ खिडकीकडे बघत बसली. दुभाषी बाईंनी ते वाक्यही इंग्रजीत सांगितलं, आणि फिजिओवाली, जेमतेम पंचवीस-सव्वीसची असेल, आईच्या शेजारी पलंगावर बसली, काही न बोलता.

आता पैशाचं, कारण फोन सगळे त्यासाठीच करतात.

आम्ही आईचा जो व्हिजिटर इन्शुरन्स घेतला होता तो स्वस्तातला, फिक्स्ड बेनिफिटवाला. म्हणजे खर्च कितीही होवो, ते दिवसाला ठरावीक, ऑपरेशनला ठरावीक रक्कम देणार, बाकी तुमचं. घेताना वर ५०,००० डॉलर लिहिलेलं बघून आम्ही खूश, आतलं टेबल वाचलंच नाही. चूक शंभर टक्के आमची. कॉम्प्रिहेन्सिव्हवाला, म्हणजे झालेल्या खर्चाच्या प्रमाणात देणारा घ्या, महाग पडतो पण घ्या. शुक्रवारी आई थिएटरमध्ये असताना मी हे टेबल फोनवर वाचत होते आणि माझे हात गार पडले, कारण इथे अशा ऑपरेशनचं छापील बिल सहा आकडी सहज होतं.

सोमवारी सोशल वर्करने मला तळमजल्यावर फायनान्शियल काउन्सेलरकडे पाठवलं. छोटी केबिन, टेबलावर कॅक्टस, भिंतीवर नातवंडांचे फोटो. ती बाई म्हणाली, पहिली गोष्ट, बिलात सवलत मागायच्या फॉर्मचा निकाल लागेपर्यंत कुणालाही एक डॉलर देऊ नका, क्रेडिट कार्ड तर काढूच नका. दुसरी गोष्ट, पेशंट कोण? मी म्हटलं आई. मग उत्पन्न कोणाचं बघायचं? मी म्हटलं आमचं, आम्ही दोघं नोकरी करतो. ती म्हणाली, नाही. कॅलिफोर्नियाच्या हॉस्पिटल फेअर प्रायसिंगच्या कायद्यात, जो २००७ पासून लागू आहे, सज्ञान पेशंटचं कुटुंब म्हणजे नवरा-बायको किंवा जोडीदार आणि अवलंबून असलेली मुलं. कमावती लग्न झालेली मुलगी त्यात येत नाही. तुमची आई विधवा, म्हणजे कुटुंब एक माणसाचं. उत्पन्न किती?

फॅमिली पेन्शन महिना ३१,००० रुपये. मी कॅल्क्युलेटरवर करून दाखवलं, वर्षाचे साधारण साडेचार हजार डॉलर. तिने चष्म्यावरून बघितलं. त्या वर्षीची एका माणसाची सरकारी दारिद्र्यरेषा १५,०६० डॉलर होती, आणि या कायद्यात त्याच्या चारपटीपर्यंत सवलतीसाठी अर्ज करता येतो. आमची आई चारपट सोडा, एकपटीच्याही तिसऱ्या हिश्श्यात. कराडात स्वतःचं घर, दारात आंबा, पेन्शन, ती स्वतःला अजिबात गरीब समजत नाही. मी वर जाऊन सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे मी इथे बीपीएल?" आणि चिडली. तिला पटवायला फॉर्म भरण्यापेक्षा जास्त वेळ लागला. फुकट घेणार नाही म्हणे, आपण काय मागतकरी आहोत का.

कागद लागले ते असे, पासपोर्ट, आय-९४ (अमेरिकेत आल्याची सरकारी नोंद), इन्शुरन्सची पॉलिसी, बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट ज्यात पेन्शन जमा होते (पासबुकाचे फोटो चालले नाहीत, भावाने बँकेत जाऊन शिक्का मारून आणलं), आणि आम्ही तिला राहायला-जेवायला घालतो असं आमच्या सहीचं पत्र. नवऱ्याला वेगळीच भीती, की असं घेतलं तर पुढच्या वेळी व्हिसा नाकारतील. आम्ही इमिग्रेशनच्या वकिलाला पैसे देऊन विचारलं, तो म्हणाला हॉस्पिटलने स्वतःच्या पॉलिसीखाली दिलेली सवलत म्हणजे सरकारची रोख मदत नव्हे. पण प्रत्येकाची केस वेगळी असते आणि नियम बदलत राहतात, म्हणून माझ्या भरवशावर राहू नका, स्वतः विचारा.

मंगळवारी डिस्चार्ज. पुढे चार आठवडे रोज पोटात रक्त पातळ ठेवायचं इंजेक्शन, ते घरी मलाच द्यायचं. नर्सने आधी एका संत्र्यावर करून दाखवलं, मग माझ्याकडून आईवर करून घेतलं. माझा हात थरथरत होता आणि आई म्हणे, "दे गं, लहानपणी तू मला पिना टोचायचीस." घरी जाताना वॉकर त्यांनीच दिला, आणि बीपीच्या तीन महिन्यांच्या गोळ्या त्यांच्याच फार्मसीतून, त्याची किंमत बघितल्यावर आई दोन मिनिटं गप्प झाली, कारण दीड महिना ज्यासाठी अर्धी अर्धी तोडली ती गोळी त्या खिडकीवर दोन-चार डॉलरांना होती.

दिवाळीत तिने खुर्चीत बसून चकल्या पाडल्या, तळल्या मी, तुटल्या म्हणून बोलणी खाल्ली. ऑपरेशननंतर दोन आठवड्यांनी जखमेचे स्टेपल (टाक्यांच्या पिना) काढले. डिसेंबरच्या मधे पत्र आलं, इन्शुरन्सने दिले ते दिले, उरलेलं हॉस्पिटल आणि तिथल्या डॉक्टरांचं मिळून पेशंटकडून येणं शून्य. मी ते पत्र गॅरेजमध्ये त्याच पायरीवर बसून वाचलं. आता तिथे आम्ही पिवळी पट्टी आणि कठडा लावलाय.

पण त्यानंतरही एक भुलीच्या डॉक्टरांचं बिल वेगळं येतच राहिलं, कारण त्यांच्या कॉम्प्युटरला मंजुरी कळलीच नव्हती. चार वेळा फोन केला, एकदा पन्नास मिनिटं होल्डवर, चौथ्यांदा मी त्या कॅक्टसवाल्या बाईचं नाव सांगितल्यावर कुठे ते मिटलं. प्रत्येक कॉलची तारीख, वेळ आणि समोरच्याचं नाव वहीत लिहून ठेवा, खरंच उपयोगी पडतं. आणि अँब्युलन्स हॉस्पिटलची नसते, तिची कंपनी वेगळी, त्यामुळे वरच्या माफीत ती येत नाही, त्यांच्याकडे वेगळा अर्ज करावा लागतो, हे आम्हाला कोणीच सांगितलं नाही.

आई जानेवारीत व्हीलचेअर असिस्टन्स घेऊन परत गेली. जाताना मेडिकल रेकॉर्ड्समधून एक्स-रेची सीडी घेतली होती. कराडच्या हाडांच्या डॉक्टरांकडे सीडी चालवायला ड्राइव्हच नव्हता, मग भावाच्या जुन्या लॅपटॉपवर लावली. डॉक्टरांनी बराच वेळ बघितलं, म्हणाले रॉड झकास बसलाय, काठीसुद्धा सुटेल दोन महिन्यांत. मग सगळे विचारतात तेच त्यांनी विचारलं, अमेरिकेत केलंत म्हणजे किती गेले?

आई म्हणाली, "तसे काही नाही. पण अँब्युलन्सवाल्याचं अजून यायचंय."

भाऊ म्हणतो घरी जाताना रिक्षात तिने त्याला पुन्हा विचारलं, की इथल्या केसपेपरचे पैसे दिलेस ना नक्की.